बोटीचा धूर वाचायचा कसा? टर्बो आणि एक्झॉस्टचं निदान, दोन आकड्यांत

ट्रॉलर काळा धूर ओकायला लागला की बंदरावर तीन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो नोझल बदला, दुसरा म्हणतो डिझेल पंप उतरवा, तिसरा सरळ टर्बोवर बोट ठेवतो. तिघांचंही कधी ना कधी बरोबर ठरलेलं असतं, म्हणून तिघंही ठाम असतात. पण नाखव्याच्या खिशातून तिन्ही गोष्टींचे पैसे गेले आणि धूर तसाच राहिला, असंही होतं. कारण काळा धूर हे रोगाचं नाव नाही. ताप आला म्हणजे मलेरियाच असं आपण म्हणत नाही, तसंच आहे हे.

माझ्या पीएचडीचा विषय मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधला आहे: डिझेल इंजिन न उघडता, बाहेरून मोजलेल्या थोड्याशा आकड्यांवरून आतला बिघाड ओळखणं. मोठ्या जहाजांवर यासाठी ढीगभर सेन्सर असतात. मिरकरवाड्यात किंवा हर्णैला उभ्या असलेल्या सहा सिलिंडरच्या ट्रॉलरवर ते नसतात आणि ते परवडणारही नाहीत. तिथे प्रश्न उलटा विचारावा लागतो: कमीत कमी किती आकडे पुरतील? आजच्या लेखात त्याच प्रश्नाचा सगळ्यात उपयोगी भाग सांगतो. गणित फारसं नाही, घाबरू नका.

आधी टर्बो म्हणजे काय ते दोन मिनिटांत

डिझेल इंजिनाची ताकद डिझेलवर अवलंबून असते असं आपल्याला वाटतं. खरी मर्यादा असते हवेची. एक किलो डिझेल पूर्ण जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. आणि सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा मिसळायला वेळ इतका कमी मिळतो की प्रत्यक्षात वीस किलोच्या वर हवा असेल तरच धूर स्वच्छ राहतो. हवा कमी पडली की डिझेलमधला कार्बन अर्धवट जळून काजळी होते. काळा धूर तो हाच.

जास्त हवा कोंबायची युक्ती स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी काढली, १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. एक्झॉस्टमधून गरम वायू फुकट बाहेर चाललाय ना, मग त्याच्यावर एक चक्र फिरवा, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवून बाहेरची हवा दाबून इंजिनात घाला. पहिलं चक्र टर्बाइन, दुसरं कॉम्प्रेसर. दांडा मिनिटाला हजारो फेऱ्या घेतो, लहान टर्बोत तर लाखाच्याही वर. तो सहसा बॉलबेअरिंगवर नसतो, बुशच्या आत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असेल आणि टर्बोने दाब दुप्पट केला, तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा साधारण १३० अंशांना पोचते. गरम हवा विरळ असते, म्हणून पुढे आफ्टरकूलर लावतात. समुद्राच्या पाण्यावर चालणारा चांगला आफ्टरकूलर तिला ४५-५० अंशांवर आणतो आणि तेवढ्याच दाबात सव्वापट हवा सिलिंडरमध्ये मावते. म्हणजे आफ्टरकूलर तुंबला तर हा सगळा फायदा जातो, टर्बो कितीही ठणठणीत असो.

दोन आकडे कोणते?

पहिला आकडा बूस्ट, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब. दुसरा एक्झॉस्टचं तापमान, टर्बोच्या अलीकडचं. पहिल्यासाठी साधा प्रेशर गेज पुरतो. दुसऱ्यासाठी थर्मोकपल लागतं, तेही औद्योगिक दुकानात सहज मिळतं. यांच्या जोडीला इंजिनाचे आरपीएम तर डॅशबोर्डवर असतातच.

नुसते आकडे मात्र उपयोगाचे नाहीत. ४३० अंश जास्त की कमी? उत्तर आहे: कशाच्या तुलनेत? म्हणून आधी बोट निरोगी असताना एक तक्ता करायचा. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी संपते, बोटीचा तळ घासून रंगवलेला असतो, पंखा साफ असतो, फिल्टर नवे असतात. हीच वेळ. जाळं न टाकता, शांत पाण्यात, प्रत्येक आरपीएमला दहा मिनिटं इंजिन स्थिर होऊ द्या आणि आकडे लिहा. समजा, आपल्या एका काल्पनिक बोटीचा तक्ता असा निघाला:

१२०० आरपीएम: बूस्ट ०.२५ बार, एक्झॉस्ट ३०० अंश
१४०० आरपीएम: बूस्ट ०.४५ बार, एक्झॉस्ट ३६० अंश
१६०० आरपीएम: बूस्ट ०.७ बार, एक्झॉस्ट ४३० अंश
१८०० आरपीएम: बूस्ट १.० बार, एक्झॉस्ट ५०० अंश

तुमच्या इंजिनाचे आकडे वेगळे असतील. हे फक्त समजावण्यापुरते आहेत, ते उचलून तिकडे लावू नका.

आता डिसेंबर उजाडला. तांडेल म्हणतो, "इंजिन ओढत नाही." पूर्ण अॅक्सिलेटर दिला तरी १८०० ऐवजी १६०० वरच अडकतंय. २०० फेऱ्या म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १६०० ला १८०० ने भागा आणि तीन वेळा गुणा: ०.७ येतं. म्हणजे १६०० वर अडकलेलं इंजिन एक तर तीस टक्के ताकद गमावून बसलंय, नाहीतर पंखाच त्याच्याकडून जास्त मागतोय.

आता तक्त्यातली १८०० ची ओळ विसरा आणि १६०० ची ओळ बघा. आज १६०० वर मिळालेले आकडे त्या ओळीशी ताडून पाहा. तीन शक्यता निघतात.

पहिली शक्यता: दोन्ही आकडे ओळीशी जुळतात

बूस्ट ०.७, एक्झॉस्ट ४३०, धूरही साफ. म्हणजे १६०० वर इंजिन अगदी निरोगी आहे, फक्त त्याच्या पुढे जायला त्याला डिझेल मिळत नाहीये. डिझेल फिल्टर तुंबला असेल, टाकीत गाळ किंवा पाणी असेल, लाइनमध्ये हवा शिरत असेल, किंवा अॅक्सिलेटरची केबल सैल पडून पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत पोचत नसेल. इथे टर्बोला हात लावायचं कारणच नाही. मात्र बूस्ट कमी दिसतो म्हणून टर्बो बदलला जातो तो बहुतेक अशाच वेळी. बूस्ट कमी असणारच, कारण जळायला डिझेलच कमी आहे, मग टर्बाइनला फिरवणार कोण?

दुसरी शक्यता: बूस्ट जास्त, एक्झॉस्टही जास्त

समजा ०.९ बार आणि ५०० अंश. इंजिन आपलं काम जोरात करतंय, टर्बोही करतोय, पण ओझं वाढलंय. तळाला शेवाळ आणि कालवं चिकटलीत, पंख्यात दोर किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय, पाती वाकलीत, किंवा कुणीतरी मोठ्या पिचचा पंखा बसवून दिलाय. इंजिनात शोधून काही सापडणार नाही, पाणबुड्याला खाली पाठवा.

इथे एक गोष्ट सांभाळा. जाळं ओढताना बोट हळू चालते आणि त्याच आरपीएमला पंख्यावर ओझं जास्त येतं. म्हणून जाळं ओढतानाचे आकडे मोकळ्या बोटीच्या तक्त्याशी ताडू नका, त्यासाठी वेगळा तक्ता ठेवा.

तिसरी शक्यता: बूस्ट कमी, एक्झॉस्ट जास्त

समजा ०.५ बार आणि ५२० अंश, वर दाट काळा धूर. ही खरी हवेची चणचण. डिझेल पुरेसं येतंय, हवा येत नाही. टर्बो आणि एक्झॉस्टवरचा संशय इथे रास्त आहे, पण तरीही टर्बो हा सात-आठ संशयितांपैकी एकच.

शोध घ्यायचा तो हवेच्या वाटेने, बाहेरून आत आणि आतून बाहेर.

सगळ्यात आधी इंजिन रूमचं झाकण उघडा. खरंच, एवढंच करा. फेऱ्या वाढल्या किंवा धूर कमी झाला तर इंजिन रूमलाच हवा पुरत नाहीये. आतली हवा ३५ ऐवजी ५० अंश असेल तर नुसत्या तापमानानेच पाच टक्के हवा कमी होते, आणि कोंडलेपणाचा दाब वेगळाच.

मग एअर फिल्टर. डोळ्यांनी बघून कळत नाही, मोजावं लागतं. दोन-अडीच मीटर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर बांधा, त्यात रंगीत पाणी भरा. एक टोक फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये जोडा, दुसरं मोकळं सोडा. पूर्ण ओझ्यावर पाण्याच्या दोन पातळ्यांत जो फरक पडतो तो फिल्टरचा अडथळा. बऱ्याच डिझेल इंजिनांत हा फरक ६०-६५ सेंटिमीटरवर गेला की फिल्टर संपला असं धरतात. शंभर रुपयांच्या आसपासचं हे यंत्र माझ्या प्रयोगशाळेतल्या महागड्या सेन्सरला पडताळायलाही वापरतात, कारण पाणी खोटं बोलत नाही.

पुढे टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे होज पाइप आणि क्लिपा. इथे गळती असेल तर ओझ्यावर शिट्टीसारखा आवाज येतो आणि सांध्याभोवती ऑइलची ओशट धूळ बसलेली दिसते. साबणाचं पाणी लावून बघा. आफ्टरकूलरच्या आतही जाळी काजळी आणि ऑइलने बुजते. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजला की ते कळतं.

आता एक्झॉस्टची बाजू. टर्बाइनच्या अलीकडे मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं असेल तर टर्बोला फिरवणारा वायू वाटेतच निसटतो. थंड इंजिन चालू करताना टिकटिक आवाज येतो, सांध्यापाशी काजळीचे काळे फराटे दिसतात. टर्बाइनच्या पलीकडे उलटी अडचण असते: सायलेन्सर आतून गंजून त्याचे पडदे कोसळतात, काजळी साचते आणि धुराला बाहेर पडायला जागा राहत नाही. याला बॅक प्रेशर म्हणतात. तो मोजायलाही तीच पाण्याची नळी चालते. फक्त एक्झॉस्टला जोडताना आधी मीटरभर तांब्याची नळी लावा, नाहीतर प्लॅस्टिक वितळेल. टर्बोवाल्या बऱ्याच इंजिनांना साधारण एक मीटर पाण्याइतका, म्हणजे १० किलोपास्कलच्या आसपास बॅक प्रेशर चालतो. तुमच्या इंजिनाची नेमकी मर्यादा त्याच्या पुस्तकात असते, तीच धरा.

ज्या बोटींत एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडून तो थंड करतात, तिथे पाणी आणि धूर मिसळणारा एल्बो हा पहिला संशयित. खारं पाणी, उष्णता आणि काजळी एकत्र आली की तो आतून मिठाने भरतो, किंवा कुजून पाणी उलटं टर्बोकडे येतं. टर्बाइनच्या तोंडाशी गंज किंवा मिठाचे पांढरे डाग दिसले तर नवा टर्बो आणण्याआधी एल्बो उतरवून बघा.

हे सगळं निर्दोष निघालं की मग टर्बो. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर दांडा बोटाने फिरवा. तो सहज फिरला पाहिजे आणि चाकाची पाती घराला कुठेही घासता कामा नये. आडवा हलवल्यावर थोडासा खेळ लागेल, तो असायचाच. दांडा ऑइलवर तरंगतो म्हणालो ते आठवतंय ना? पण पुढे-मागे ओढल्यावर हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं.

दोन आकडे फसतात ती जागा

आता एक प्रामाणिक अडचण. आफ्टरकूलरची पाण्याची बाजू तुंबली तर काय दिसेल? हवा दाबली जातेय, पण थंड होत नाही. बूस्ट जवळपास तसाच किंवा किंचित जास्त, एक्झॉस्ट गरम. हे चित्र दुसऱ्या शक्यतेसारखं, ओझं वाढल्यासारखं दिसतं. पाणबुडा खाली जाईल आणि हात हलवत वर येईल.

म्हणून तिसरा आकडा हवा: आफ्टरकूलर नंतरच्या हवेचं तापमान. समुद्र २८ अंश आणि ही हवा ४५-५० असेल तर ठीक. ती ८० दाखवत असेल तर आफ्टरकूलरच्या नळ्यांत क्षार आहेत किंवा समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं इम्पेलर झिजलंय.

संशोधनाच्या भाषेत याला "दोन दोषांची सही सारखी असणं" म्हणतात. मोजलेला आकडा वजा अपेक्षित आकडा, हा जो फरक उरतो त्याला आम्ही अवशेष म्हणतो. प्रत्येक बिघाड अवशेषांची एक ठरावीक जोडी सोडून जातो: अधिक-अधिक, उणे-अधिक, शून्य-शून्य. दोन बिघाडांची जोडी सारखी आली की कितीही हुशार प्रोग्रॅम लिहा, तो त्यांना वेगळं करू शकत नाही. नवा सेन्सरच लावावा लागतो. कुठे लावला तर सगळ्यात जास्त जोड्या सुटतील, हे शोधणं म्हणजे माझं रोजचं काम. दुसरी डोकेदुखी म्हणजे सेन्सर स्वतःच बिघडणं. थर्मोकपलवर काजळीचा थर बसला की ते सावकाश प्रतिसाद देतं, आणि खाऱ्या हवेत जोड गंजतात. म्हणून दहा मिनिटं स्थिर चालवल्याशिवाय आकडा लिहू नका म्हणतो तो उगाच नाही.

धुराचे बाकीचे रंग

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. प्रश्न एवढाच की ते येतंय कुठून. याचं उत्तर ओलं कुठे आणि कोरडं कुठे यात आहे. टर्बोच्या अलीकडच्या होजमध्येच ऑइल असेल तर ते क्रँककेसच्या ब्रीदरमधून येतंय, टर्बोचा दोष नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची तोंडं ओली असतील तर ते सिलिंडरमधूनच येतंय: रिंगा किंवा व्हॉल्व्ह. मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बाइनच्या पुढे ओलं, तर मात्र टर्बोचं सील. पण तिथेही थांबा. टर्बोतून ऑइल परत नेणारा पाइप चोंदला असेल किंवा क्रँककेसमध्ये दाब वाढला असेल, तर नव्या टर्बोचं सीलही तसंच गळेल.

पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर ते न जळलेलं डिझेल. आपल्या हवेत इंजिन गरम झाल्यावरही तो राहिला तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन तपासा. झोंबत नसेल आणि हवेत लगेच विरून जात असेल तर ती वाफ आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या एक्झॉस्टमध्ये थोडी वाफ साहजिक, कोरड्या एक्झॉस्टमध्ये मात्र कूलंट कुठे जातंय ते बघा.

नवा टर्बोही दोन महिन्यांत का जातो?

कारण टर्बो स्वतःहून क्वचित बिघडतो. बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा बिघाड त्याच्या अंगावर येतो. ऑइलचा पाइप कार्बनने अर्धा बुजलेला असतो, तो न बदलताच नवा टर्बो चढवतात. जुन्या चाकाचे तुकडे आफ्टरकूलरमध्ये पडून राहतात. आणि आणखी एक कारण म्हणजे जेटीला लागलं की लगेच इंजिन बंद करणं. ऑइलचा पंप थांबतो, पण टर्बाइनचं घर तापलेलंच असतं. ती उष्णता दांड्यात शिरते आणि अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. बंद करण्याआधी तीन ते पाच मिनिटं इंजिन न्यूट्रलमध्ये संथ चालू ठेवा. त्यात जे डिझेल जातं त्याची आणि टर्बोच्या किमतीची तुलना तुम्हीच करा.

शेवटी, हे गमतीचं काम नाही

एक्झॉस्टची गळती म्हणजे नुसतं ताकदीचं नुकसान नव्हे. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि खलाशी केबिनमध्ये, इंजिनाच्या अगदी जवळ झोपलेले असतात. सगळ्यांचं एकदमच डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर ते समुद्र लागणं समजू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग पॅकिंग शोधा.

दुसरी गोष्ट आगीची. मोठ्या जहाजांना लागू असलेल्या सोलास नियमांत २२० अंशांच्या वर तापणारा, तेल उडू शकेल असा प्रत्येक भाग झाकलेला असावा लागतो. आपल्या तक्त्यात १२०० आरपीएमलाच एक्झॉस्ट ३०० वर आहे! दुरुस्तीसाठी टर्बोवरचं कापडी वेष्टण काढलं तर ते परत बांधल्याशिवाय बोट सोडू नका. डिझेलचा एखादा पाइप फुटला आणि फवारा तिथे गेला तर ठिणगीचीही गरज लागत नाही.

आणि टर्बोचं सील एकदम फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सैराट सुटलं, तर चावी किंवा स्टॉप लिव्हरने ते थांबत नाही. त्याची हवा तोडावी लागते. एअर इनटेकच्या तोंडावर घट्ट बसेल अशी सपाट फळी इंजिन रूमच्या दाराशी टांगून ठेवा. हात किंवा गमछा लावायचा नाही, ते आत ओढलं जातं.

पुढच्या वेळी बंदी उठली की पहिल्याच फेरीला एक वही आणि पेन घेऊन जा. चार ओळींचा तक्ता, अर्धा-पाऊण तासाचं काम. डिसेंबरात मेस्त्री इंजिनाशेजारी पाना घेऊन उभा राहिला की ती वही त्याच्यासमोर धरा. "कुठून सुरुवात करायची" हा प्रश्न मग अंदाजावर सोडावा लागणार नाही.